आबांची ट्रंक: कागद वाचायला मदत हवी आहे, आणि तुमच्याही आजोबांबद्दल लिहा

घाटमाथा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. गेल्या महिन्यात जुन्या घराचा माळा उतरवला, तेव्हा आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, लोखंडी ट्रंक खाली आली. आबा दुसऱ्या महायुद्धात होते एवढं घरात सगळ्यांना माहीत. कुठे होते, काय करत होते, कोणालाच सांगता येत नाही. १९९९ साली ते गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी ओसरीवर बसायचो आणि एकदाही नीट विचारलं नाही. ही बोच आहे, म्हणून लिहितोय.

ट्रंकेत निघालं ते असं. एक डिस्चार्जचा कागद, चार घड्यांचा. डावीकडची बाजू वाळवीने खाल्लेली, नेमका नंबर आणि भरतीची तारीख तिथेच होती. वाचता येतं ते '३/५', त्यापुढे मराठा लाइट इन्फंट्री, खाली एका ठिकाणी 'पी.ए.आय.एफ.' आणि एका ठिकाणी 'सी.एम.एफ.' असं टाइप केलेलं, आणि सुटका १९४६. वय 'अंदाजे' लिहिलंय. एका फडक्यात तीन पदकं. एक पिवळ्या धातूचा सहा टोकांचा तारा, त्याची फीत विरलीय पण लाल, पांढरा, हिरवा हे रंग ओळखू येतात. दोन गोल. एकावर हिंदुस्थानचा नकाशा, दुसऱ्यावर कसल्याशा प्राण्यावर उभा असलेला सिंह. शिवाय जेवणाचा एक चेपलेला डबा, कड्या-दांड्याचा, आणि तो घासायचा म्हणून ठेवलेला काथ्याचा बोळा. तो बोळासुद्धा त्यांनी जपून ठेवला होता.

आता आबांबद्दल. कारण आमच्या डोळ्यांसमोर जे आबा आहेत ते शिपाई नव्हेत, दगड उचलणारा माणूस.

सेहेचाळीस साली परत आले तेव्हा पेन्शन नव्हतं. लढाईपुरती भरती झालेल्यांना थोडी रक्कम हातात देऊन मोकळं करत, पेन्शनीसाठी पंधरा वर्षं नोकरी लागायची. घरची जमीन म्हणजे डोंगराची उतरण, पावसात माती वाहून नदीत. आबांनी तिथे ताली, म्हणजे माती अडवणारे दगडी बांध, घालायला सुरुवात केली. दर उन्हाळ्यात एक. दगड आमच्याच रानातला, चुना नाही, सिमेंट नाही. मी लहानपणी बघितलंय, दगड हातात घेतला की तीनदा फिरवायचे, मग एकदाच ठेवायचे. ठेवलेला दगड परत उचलायचे नाहीत. मधेमधे पाणी निघायला भोकं ठेवायचे. आज तिथे चौदा ताली आहेत आणि त्यांच्यामागे भाताची खाचरं. दोन हजार एकोणीसच्या पावसात आसपासचे नवे बांध फुटले, आबांची एक ताल तेवढी कोपऱ्यात ढासळली. वडिलांनी ती तशीच रचायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मधली सहा-सात वर्षं ते कोयना धरणावर कामाला होते. हे धरण मोठाले दगड आणि काँक्रीट मिळून बांधलंय, त्यामुळे दगडाची जाण असलेल्या माणसाला काम होतं. आठवडाभर तिथल्या झोपड्यांत राहायचे, शनिवारी रात्री चालत घरी, रविवारी दिवसभर शेत, पहाटे परत.

आणि एक आठवण वडिलांची. ११ डिसेंबर १९६७. वडील दहा वर्षांचे. पहाटे सव्वाचारच्या सुमाराला भूकंप झाला. घर दगडमातीचं, वर कौलं. वडील सांगतात, जाग आली ती भूकंपाने नाही, आबांच्या ओरडण्याने. आबा मराठीत ओरडतच नव्हते. "सब बाहर! भिंत छोडो!" असं काहीतरी. एकेकाला दंडाला धरून अंगणात फेकल्यासारखं बाहेर काढलं. मागची भिंत बसली तेव्हा घरात कोणी नव्हतं. शेजारच्या घरात मात्र एक म्हातारी आणि तिची सून अडकली होती. लोक वरून ढिगारा उपसायला लागले, तर आबांनी सगळ्यांना हटवलं. म्हणाले, "कुणी बोलायचं न्हाई. पोरं गप करा." सगळी आळी गप्प. आबा जमिनीला कान लावून पहारीने एका दगडावर ठोकायचे, थांबायचे, परत ठोकायचे. असं पाचसहा वेळा केल्यावर आतून आवाज आला. मग त्यांनी वरून नाही, बाजूने उकरायला घेतलं. दगड हातोहात मागे द्यायचा, फेकायचा नाही. उजाडायच्या आत दोघी बाहेर होत्या. सुनेचा पाय गेला, जीव राहिला.

चुलत्यांनी विचारलं, हे कुठं शिकलात? आबा म्हणाले, "तिकडं अशी लय घरं उकरल्यात."

लढाईबद्दल घरात ऐकू आलेलं त्यांचं हे एकमेव वाक्य. 'तिकडं' म्हणजे कुठं, ते मला शोधायचंय.

पलटणवाला
धागा वाचून थांबलो. आधी तुमच्या कागदाचं सांगतो.

३/५ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. त्या वेळी रेजिमेंटला पाच नंबर होता, म्हणून १/५, २/५, ३/५ असं लिहीत. 'पी.ए.आय.एफ.' म्हणजे पेफोर्स, इराण-इराकमधली फौज. 'सी.एम.एफ.' म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: इटली. लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचा तारा तोच सांगतोय. तो इटली स्टार, फितीवर त्या देशाच्या झेंड्याचे रंग आहेत. नकाशावालं पदक इंडिया सर्व्हिस मेडल. सिंह उभा आहे तो दोन तोंडांच्या ड्रॅगनवर, ते वॉर मेडल.

३/५ हे नाव साधं नाही. १९४१ च्या मार्चमध्ये आफ्रिकेतल्या इरिट्रियात केरेनची लढाई झाली, तिथला पिनॅकल नावाचा सुळका या पलटणीने घेतला. तुमच्या आबांना आफ्रिका स्टार नाही, म्हणजे ते त्यानंतर नवी कुमक म्हणून इराककडे पलटणीत आले असावेत. मार्च १९४४ मध्ये दहावी इंडियन डिव्हिजन इटलीत उतरली, ३/५ तिच्यात होती. आधी एड्रियाटिक किनाऱ्याकडे, मग उन्हाळ्यात तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तिथून उत्तरेला गॉथिक लाइनपर्यंत, म्हणजे जर्मनांच्या बचावफळीपर्यंत. सगळा मुलूख डोंगराचा. टेकडीच्या डोक्यावर दगडी गाव, जर्मन आत, आपले खाली. एक गाव घेतलं की पुढची टेकडी. तोफांनी पडलेली घरं उकरणं हे तिथलं रोजचंच काम होतं. तुमच्या आबांचं वाक्य शब्दशः खरं आहे.

पाटणहून निघालेला पोरगा कराडला रेल्वेत बसून मिरजेवरून बेळगावला, तिथे रंगरूट, मग मुंबईच्या गोदीतून बोट. सातारा जिल्ह्यातल्या हजारो पोरांचा हाच रस्ता.

काळनदी
मी माणगावची. पलटणवाले, तुम्ही एक नाव लिहायचं ठेवलंत ते मी लिहिते.

नाईक यशवंत घाडगे आमच्या तालुक्यातल्या पळसगावचे. ३/५ मराठाचेच. १० जुलै १९४४, तायबरचं खोरं. त्यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली, एका त्यांच्याखेरीज सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटेच गनवर धावले. बॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा बंद पाडला, पुढच्याला टॉमीगनने मारलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलंय.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. आम्ही शाळेत जाताना रोज त्याच्यापुढून जायचो. २०२३ साली इटलीत मोन्तोने नावाच्या गावाने त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारलं, सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारं.

घाटमाथा, तुमचे आबा त्या उन्हाळ्यात त्याच पलटणीत असतील तर त्यांना हे नाव ठाऊक असणारच. कधी कोकणातल्या कुणाचा उल्लेख करायचे का?

घाटमाथा
दोघांचे मनापासून आभार. पलटणवाले, तुमचं उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. इटली हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आबांच्या संदर्भात उच्चारला गेला.

काळनदी, नाव त्यांनी कधी कुणाचंच घेतलं नाही. पण एक गोष्ट आहे. पितृपक्षात सर्वपित्रीला आमच्याकडे पानं वाढली की आबा एक पान जास्तीचं मांडायला लावायचे. आजी विचारायची, हे कुणाचं? ते म्हणायचे, "पलटणीचं." त्यावर भात, आळूची भाजी, वडे, सगळं. ते पान ते स्वतः उचलून बाहेर तालीवर ठेवून यायचे. कावळा शिवेपर्यंत तिथेच उभे राहायचे. आम्हाला वाटायचं ही काहीतरी कुळाची रीत असेल. आबा गेल्यावर आजीने ती चालू ठेवली, आता आई ठेवते.

आणि दुसरं. आत्ता लिहिताना हात थरथरतोय. आबा बैलांना "अवांती" म्हणायचे. औत अडलं, चढाला गाडी थांबली की मागून हाक, "अवांती, अवांती!" आणि बैल ओढायचे. मला तर ते बैलाचं नाव वाटायचं, पण पहिली जोडी गेली, दुसरी आली, तरी हाक तीच. गावातली बाकीची पोरंही तसंच म्हणायला लागली होती. हा इटालियन शब्द आहे का?

दूरदेशी
आहे! मी इटलीत, बोलोन्यात राहते, इथे येऊन अकरा वर्षं झाली. 'अवांती' म्हणजे 'पुढे चला'. दारावर टकटक केलं तरी लोक आतून हेच म्हणतात. तुमच्या आबांनी तो शब्द बैलांसाठी उचलला यात मला काहीच नवल वाटत नाही, कारण त्या डोंगरांत वर शिधा आणि दारूगोळा पोचवायचा तर खेचरांशिवाय इलाज नव्हता. ट्रक चालेल असे रस्ते नव्हते, होते ते पावसात चिखल. खेचरं हाकताना इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडून तो ऐकला असेल.

इथून तासाभराच्या अंतरावर फोर्ली नावाचं शहर आहे. तिथे भारतीय फौजेचं वेगळं दफनस्थान आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारकही. मी गेले आहे. पाटीवरची आडनावं वाचताना साताऱ्याची एसटी पकडल्यासारखं वाटतं. जाधव, शिंदे, पवार, मोरे, कदम. इटलीत आपले पन्नास हजारांच्या आसपास सैनिक लढले, पाच हजार सातशेहून जास्त परत आले नाहीत. इथल्या शाळेतल्या मुलांना हे हल्ली थोडंफार सांगतात. आपल्याकडे सांगतात का?

एक सुचवते. तुमच्या आबांच्या ताली पाहिल्या नाहीत, पण इथल्या टेकड्यांवर ऑलिव्ह आणि द्राक्षांसाठी अशाच चुन्याशिवायच्या दगडी ताली पायऱ्यापायऱ्यांनी घातलेल्या असतात. कुणी सांगावं.

घाटमाथा
हे मी खरं मानायला तयार आहे. पण ताली आमच्या खोऱ्यातही पूर्वीपासून आहेत, त्यामुळे सगळं श्रेय इटलीला देत नाही. चौथ्या-पाचव्या तालीपासून मात्र त्यांची पद्धत बदलत गेलेली दिसते, भिंत किंचित आत कललेली. काल वडिलांबरोबर जाऊन मुद्दाम बघितली.

नगरी
इटलीचा विषय निघालाय तर आमच्या जिल्ह्याचे नामदेव जाधव आठवलेच पाहिजेत. १/५ मराठा, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. कंपनीचे निरोप्ये होते. नदी ओलांडताना तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगाच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग परत जाऊन तीन मशिनगन ठाणी उडवली. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना तेव्हा हातबॉम्बवर भागवलं. शेवटी बांधाच्या डोक्यावर उभं राहून गर्जना दिली आणि मागच्यांना हात करून पलीकडे बोलावलं. बेळगावच्या पलटणीची गर्जना आजही तीच आहे, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन जिवंत परतले, १९८४ साली वारले.

माझे आजोबा त्याच बटालियनमध्ये लांगरी होते. म्हणजे स्वयंपाकी. त्यांना आयुष्यभर एकच खंत होती, लढाईच्या गोष्टी निघाल्या की लोक त्यांना विचारायचे, तुम्ही काय, भाकऱ्याच थापल्या ना? अंधारात, गोळे पडत असताना, दोनशे माणसांचं जेवण डोक्यावरून वर डोंगरात नेणं म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगता यायचं नाही. आज मी सांगतोय.

कृष्णाकाठ
प्रश्न विचारू का, राग मानू नका. मी कुंडलकडचा. आमच्या घरात प्रतिसरकारच्या आठवणी आहेत. नाना पाटलांची माणसं आमच्या उसात लपायची. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबारात नऊ जण पडले. म्हणजे त्याच साताऱ्यात एका घरचा मुलगा इंग्रजांच्या गोळीला बळी पडतोय आणि दुसऱ्या घरचा इंग्रजांच्या फौजेत. तुमच्या आबांना परत आल्यावर गावाने कसं वागवलं?

घाटमाथा
राग कसला. हा प्रश्न आमच्या एकाच घरात होता.

आबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, ते प्रतिसरकारच्या लोकांना भाकरी पोचवायचे. बंदूक धरली नाही, पण रात्री-अपरात्री डोंगरात जेवण नेणं म्हणजे धरले गेल्यास तुरुंग. आणि घरात जी ज्वारी यायची तिच्यात आबांच्या मनिऑर्डरचे पैसे होते. म्हणजे इंग्रजाच्या पगारातली भाकर इंग्रजाविरुद्ध लढणाऱ्याच्या पोटात जात होती. आजीने हे मला सांगितलं तेव्हा तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. म्हणाली, "दोघं बी उपाशी माणसालाच घालत हुते."

आबा भरतीला का गेले, तर घरात खाणारी तोंडं अकरा आणि पिकणारं धान्य सहा महिन्यांचं. पंचवीस लाख माणसं त्या फौजेत गेली, सगळी राजावरच्या प्रेमाने गेली नाहीत. परत आले तेव्हा काही जण टोचून बोलले असणार. आजी सांगायची, आल्यावर पहिला महिनाभर आबा चावडीवर गेलेच नाहीत. मग बापूंनीच त्यांना एके दिवशी हाताला धरून नेलं, स्वतःशेजारी बसवलं, तंबाखूची चंची पुढे केली. तेवढंच. भाषण नाही, काही नाही. त्यानंतर गावात कुणी बोललं नाही. पहिली ताल या दोघा भावांनी मिळून घातली, पुढच्याच उन्हाळ्यात.

कृष्णाकाठ
बापूंना आणि आबांना दोघांनाही माझा नमस्कार सांगावासा वाटतो, आता कुठे आहेत तिथे.

निळीपहाट
बराच वेळ लिहू की नको करत होतो. माझे आजोबा महार रेजिमेंटचे. आमच्या लोकांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करातल्या शाळेत शिकवत, त्यामुळे ही दारं बंद होणं म्हणजे काय हे बाबासाहेबांना घरातूनच ठाऊक होतं. त्यांच्या पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यात सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता.

आजोबा पहिल्या भरतीतले. १९४७ मध्ये पंजाबात निर्वासितांच्या तांड्यांना संरक्षण देत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की तहानलेल्या माणसांना त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि कुणीही जात विचारली नाही. सुट्टीवर गावी आले तेव्हा गावच्या विहिरीवर मात्र वर्दीतल्या त्यांनाही खाली उभं राहून वरून पाणी ओतून घ्यावं लागलं. ते प्यायले नाहीत. तसेच चालत घरी आले. पुढे सुटून आल्यावर त्यांनी आमच्या वस्तीत स्वतः विहीर खणली. तीन उन्हाळे. छत्तीस फुटांवर पाणी लागलं. सुरुंगाचं काम त्यांना येत होतं, तरी सुरुंग लावला नाही, आजूबाजूला झोपड्या होत्या म्हणून. सगळी सब्बल आणि घणाने.

ती विहीर आहे अजून. तुमच्या आबांच्या ताली वाचल्या आणि ती आठवली.

घाटमाथा
निळीपहाट, हे लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. आमच्या गावच्या पाणवठ्यावर त्या काळी काय होतं हे मी आजवर घरात विचारलेलं नाही. विचारणार आहे. तुम्ही परवानगी दिलीत तर ती विहीर बघायला यायचं आहे, वडिलांना घेऊन.

निळीपहाट
कधीही या. जेवायलाच या.

सुभेदाराची_नात
सगळे आजोबांवर लिहिताहेत, मी आजीवर लिहिते. माझी आजी सोळा वर्षांची होती आणि पोटात माझे मोठे काका, तेव्हा आजोबा बोटीत बसले. चार वर्षं. पत्र यायचं त्यातल्या ओळी काळ्या केलेल्या. वाचून दाखवायला शाळेतले मास्तर, म्हणजे नवऱ्याचं पत्र परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, आणि उत्तरही त्यांनाच सांगायचं. ती म्हणायची, "मास्तरांना काय सांगणार? गाय व्याली, एवढंच सांगायची." पोस्टमन लांबून दिसला की ती घराच्या मागच्या दाराने परड्यात जाऊन उभी राहायची. तार असेल तर आधी सासूबाईंना कळू दे, मला नंतर.

साताऱ्याजवळ अपशिंगे आहे, अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे सेहेचाळीस जण गेले. दगडी फलक आहे. दर वेळी तिथून जाताना माझ्या मनात येतं, सेहेचाळीस मागची दारं.

घाटमाथांना विचारायचंय, तुमच्या आजींनी पदकं कुठे ठेवली होती?

घाटमाथा
कुंकवाच्या करंड्याच्या फडक्यात. ट्रंकेत निघालेलं फडकं तेच आहे. अजून लाल डाग आहेत. तुम्ही विचारेपर्यंत ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पलटणवाला
पुढचं काम सांगतो, म्हणजे धागा वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

युद्धात गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत मिळतात, नाव आणि पलटण घालून शोधता येतं. पण जे परत आले ते त्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी बेळगावला रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे लेखी अर्ज करायचा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केला तर अधिक बरं. तुम्हाला हवं आहे ते शीट रोल. त्यात भरतीची तारीख, कुठल्या तारखेला कुठे, रजा, जखम, बढती, सगळं असतं. इतक्या जुन्या शीट रोलची खात्री देता येत नाही, पण नंबर असेल तर आशा आहे. नंबराशिवाय अवघड, कारण एकाच नावाचे शेकडो.

कागदावरचा नंबर गेला असला तरी शिपाई आपला नंबर सगळ्या सामानावर घालायचा. ट्रंकेचं झाकण आतून-बाहेरून बघा, डबा पालथा करून बघा, चमच्याचा दांडा बघा. पदकांच्या कडाही बघा. आणि कृपा करून काही घासू नका! पदकाला ब्रासो लावू नका.

घाटमाथा
ट्रंक बहिणीच्या लग्नात हिरव्या ऑइलपेंटने रंगवली होती. झाकणावर काही असेल तर ते खाली गेलं. चमचा नाही. पदकांच्या कडांवर मला काही दिसत नाही. डबा आज रात्री बघतो.

काळनदी
वाट बघतेय.

दूरदेशी
मीही. आणि जुलैत मी मोन्तोनेला जाणार आहे, ठरवून टाकलं. तुमच्या आबांच्या शेतातला काही निरोप असेल तर कळवा.

घाटमाथा
उशीर झाला, माफ करा. इकडे दोन दिवस वीज नव्हती.

डबा पालथा केला तर बुडावर नुसते ओरखडे. वडील म्हणाले, ओरखडे कसले, एका ओळीत आहेत. कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसला, पलटणवाले, घासला नाही. दिव्यासमोर तिरका धरला. खिळ्याच्या टोकाने ठिपके मारून आकडे पाडलेत. वडील एकेक बोलत गेले, मी लिहीत गेलो. पाच आकडे स्वच्छ वाचता येतात. शेवटचा एक किंवा सात, तिथे नेमका चेपा आहे. त्याच्या खाली मोडीत दोन अक्षरं आहेत, ती आम्हाला वाचता आली नाहीत, गावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींना उद्या दाखवतोय.

आईने काथ्याचा बोळा परत डब्यात ठेवला.

अर्जात दोन्ही नंबर लिहिलेत, एकवालाही आणि सातवालाही. सोमवारी वडील स्वतः साताऱ्याला घेऊन जाणार आहेत, पोस्टाने नको म्हणाले. दूरदेशी, निरोप आहे. तुम्ही मोन्तोनेला जाल तेव्हा तिथे चुन्याशिवायची एखादी ताल दिसली तर तिचा कोपऱ्याकडचा फोटो जवळून काढा, दगड एकमेकांत कसे बसवलेत ते दिसेल असा. वडिलांना ती ढासळलेली ताल पावसाआधी उभी करायची आहे.